चटका कळतो, मग पाय का कळत नाही?

या वेळचं पत्र कोरेगाव तालुक्यातून आलंय. थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ६६. शेती आहे. माळकरी आहेत, अठ्ठावीस वर्षं पायी वारी केली. गेल्या आषाढात मात्र फलटणच्या मुक्कामावरून परत आले. म्हणाले, रस्ता पायाला लागत नाही, गादीवरून चालल्यासारखं होतंय. आता घरातही चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि त्यांना पत्ता नसतो. अंघोळीला डोक्यावर तांब्या ओतला की झोक जातो, दोनदा पडले. हाताला मुंग्या येतात, सदऱ्याची बटणं लागत नाहीत. देवापुढे मान वाकवली की पाठीतून झिणझिणी उतरते. पण पायात ताकद आहे, पोतं उचलतात. गरम पाण्याचा चटका लगेच कळतो, मुंगी चावली तरी कळतं. म्हणून आमचे हे म्हणतात, नस गेली असती तर चटका कसा कळला असता? वारी आणि रान टाळायची निमित्तं आहेत ही. मालिशवाला म्हणतो नस दबली. गावातले डॉक्टर म्हणाले शुगरमुळे होतं, शुगरची गोळी नऊ वर्षं चालूच आहे. रक्तवाढीच्या गोळ्या दिल्यात. मला एवढंच सांगा, चटका कळणं आणि पाय न कळणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं का? आणि माझा आठवीतला मुलगा विचारतो, नसेतून करंट जातो तर तो विजेसारखा झटकन का पोहोचत नाही?"

ताई, असू शकतं. अण्णांनी जे जे सांगितलंय ते एकमेकांशी इतकं जुळतं की मी हे पत्र विद्यार्थ्यांना वाचून दाखवलं असतं. नाटक करणाऱ्या माणसाला एवढं बरोबर नाटक जमत नाही. त्यासाठी मेरुरज्जूचा आतला नकाशा पाठ असावा लागतो.

तुमच्या यजमानांचा तर्क वाकडा नाही, गृहीत वाकडं आहे. त्यांनी धरलंय की पायापासून मेंदूपर्यंत एकच नस जाते, विहिरीवरच्या मोटारीपासून रानापर्यंतच्या पाइपासारखी. फुटली तर सगळंच पाणी बंद, शाबूत असली तर सगळं चालू. प्रत्यक्षात पायाच्या खबरा मेंदूकडे दोन वेगळ्या वाटांनी जातात, आणि या वाटा मेरुरज्जूत शिरल्या शिरल्या फुटतात.

मेरुरज्जू म्हणजे पाठीचा कणा नव्हे. कणा ही हाडांची माळ. तिच्या पोकळीतून मेंदूखालून निघून खाली येतो तो मेरुरज्जू, साधारण ४५ सेंटीमीटर लांब आणि करंगळीच्या जाडीचा. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी तो संपतोही, त्याखाली नुसत्या नसांचा झुबका. दोन्ही अंगांनी त्याला नसांच्या ३१ जोड्या येऊन मिळतात, आणि मिळताना प्रत्येक नस दोन मुळांत फुटते. मागचं मूळ खबर आत आणतं, पुढचं मूळ हुकूम बाहेर नेतं. ही वाटणी १८२२ साली फ्रान्समध्ये माझांदींनी प्रयोगाने दाखवली. त्याआधी १८११ साली लंडनमध्ये चार्ल्स बेल यांनी पुढच्या मुळाबद्दल लिहिलेलं होतं, त्यामुळे श्रेय कोणाचं यावर पुढे मोठं भांडण जुंपलं. आपल्या कामाचं एवढंच: अण्णा पोतं उचलतात म्हणजे हुकमाची वाट अजून बरी आहे. घोटाळा खबरेच्या बाजूला आहे.

आता अंगठ्याची खबर घ्या. अंगठा कुठे आहे, वर वाकलाय की खाली, जमिनीवर किती टेकलाय, ही एक खबर. अंगठ्याला चटका बसला, ही दुसरी.

पहिली खबर नेणारी पेशी अजब असते. तिचा मुख्य देह कमरेच्या मणक्याशेजारी, मागच्या मुळावरच्या छोट्या गाठीत. तिथून तिची एक फांदी थेट अंगठ्यापर्यंत उतरते आणि दुसरी मेरुरज्जूत शिरून, कुठेही न थांबता, मानेच्या वर मेंदूच्या देठापर्यंत चढते. अंगठ्यापासून तिथवर दीड मीटरच्या आसपास एकच अखंड पेशी. शरीरातल्या सर्वात लांब पेशी याच. हे तंतू मेरुरज्जूच्या मागच्या भागातून, ज्या पायाचे त्याच बाजूने वर जातात. वारीत जशी प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली असते, रथापुढच्या रथापुढे आणि मागच्या मागे, तशीच इथेही: पायाचे तंतू मधोमध, त्यांच्या बाहेरून कंबर आणि छातीचे, मानेजवळ येऊन मिळणारे हाताचे सर्वात कडेला. मेंदूच्या देठात पोहोचल्यावर हे तंतू खबर पुढच्या पेशीकडे देतात, ती पेशी बाजू ओलांडते, थॅलॅमस नावाच्या नाक्यावर आणखी एकदा हातबदल होतो, आणि मग मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावर पायाला राखून ठेवलेल्या पट्टीत आपल्याला कळतं की पाय इथे आहे.

चटक्याची खबर आणणारा तंतू बारीक. तो मेरुरज्जूत शिरतो आणि जवळपास तिथेच, आतल्या करड्या भागात थांबतो. खबर दुसऱ्या पेशीला देतो. ती पेशी एक-दोन मणक्यांच्या अंतरातच पलीकडच्या बाजूला जाते आणि मेरुरज्जूच्या पुढच्या-कडेच्या भागातून वर चढते. म्हणजे उजव्या पायाचा चटका मेरुरज्जूच्या डाव्या अंगाने वर जातो आणि उजव्या पायाचा ठावठिकाणा उजव्याच अंगाने. शेवटी दोन्ही डाव्या मेंदूत पोहोचतात, पण वाटेत त्यांची गाठभेट नाही.

हे कोणी शोधलं त्याचं नाव मला फार आवडतं: ब्राउन-सेकार. जन्म मॉरिशसचा, वडील अमेरिकी, आई फ्रेंच वंशाची. १८५० च्या सुमारास पॅरिसमध्ये त्यांनी प्राण्यांच्या मेरुरज्जूचा अर्धाच भाग कापून दाखवलं की वेदना विरुद्ध बाजूची जाते. पुढे माणसांतही तेच दिसलं. सुरा किंवा गोळी लागून मेरुरज्जूची एकच बाजू तुटलेला रुग्ण आला की एका पायाला चटका कळत नाही आणि दुसऱ्या पायाचा ठावठिकाणा लागत नाही. चटका न कळणारा पाय ताकदीला ठणठणीत, आणि चटका कळणारा लुळा! पहिल्यांदा असा रुग्ण बघितला तेव्हा मलाही तो थापा मारतोय असं वाटलं होतं. तुमच्या यजमानांना मी म्हणूनच दोष देत नाही.

अण्णांच्या दोन्ही पायांना चटका कळतो, दोन्ही पायांचा ठावठिकाणा लागत नाही. म्हणजे पुढच्या-कडेची वाट चालू, मागची वाट दोन्हीकडून खराब. मेरुरज्जूच्या मागच्या भागाला काही झालं तर नेमकं असंच दिसतं.

आता ती न्हाणीघरातली पडझड. उभं राहताना तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर मिळते: डोळे, कानातलं तोलाचं यंत्र आणि पायांच्या सांध्यांतून येणारा हा ठावठिकाणा. तिघांपैकी दोन असले तरी निभतं. अण्णांचा तिसरा गेलाय, म्हणून ते नकळत डोळ्यांवर भार टाकून चालतात. बघा, चालताना त्यांची नजर जमिनीवर असेल. डोक्यावर तांब्या ओतताना डोळे मिटतात, आणि झोक जातो. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांपूर्वी बर्लिनच्या मोरिट्झ रॉम्बर्ग यांनी हीच गोष्ट तपासणी म्हणून लिहून ठेवली: पाय जुळवून उभं करा, डोळे मिटायला सांगा, झुलायला लागला तर खबर मेरुरज्जूतून नीट येत नाही. अण्णा ही परीक्षा रोज सकाळी देतायत.

वारीचं कोडंही इथेच सुटतं. घरच्या अंगणात, उजेडात, ओळखीच्या फरशीवर माणूस बरा चालतो. दिंडीत गर्दीमुळे स्वतःची पावलं दिसत नाहीत, पहाटे अंधारात निघायचं, रस्ता रोज नवा. घरी चालतात आणि वारीत चालत नाहीत, याला यजमान निमित्त म्हणतात. मी याला लक्षण म्हणते. अठ्ठावीस वर्षं चाललेला माणूस फलटणहून उगाच परत फिरत नाही.

मान वाकवल्यावरची झिणझिणी तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझं लक्ष तिथेच थांबलं. मान पुढे वाकली की मेरुरज्जू किंचित ताणला जातो. त्यातल्या तंतूंचं आवरण झिजलेलं असेल तर ते ताणानेच ठिणग्या सोडतात आणि पाठीतून करंट उतरल्यासारखं वाटतं. म्हणजे बिघाड फक्त पायातल्या नसांत नाही, मानेच्या पातळीवर मेरुरज्जूतही असावा. हाताच्या मुंग्या त्याला पुष्टीच देतात. शुगरने नसा खराब होतात हे गावातल्या डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे, पण तो बिघाड बहुधा तळपायाकडून सुरू होतो आणि त्यात चटका, काटा न कळणं हाच मोठा धोका असतो. अण्णांचं उलट आहे.

पत्रावरून मी निदान करत नाही. तरी सगळ्यात आधी जे तपासायला सांगेन ते बी१२ जीवनसत्त्व.

का, ते तुमच्या मुलाच्या प्रश्नातूनच सांगते. त्याला सांगा, नसेतला संदेश तांब्याच्या तारेतल्या विजेसारखा धावत नाही. पेशीच्या भिंतीतून क्षार आत-बाहेर होत होत तो पुढे सरकतो, म्हणून हळू. जाड तंतूंवर चरबीचं आवरण असतं, त्याला मायलिन म्हणतात. मधे मधे त्यात खाचा असतात आणि संदेश खाचेवरून खाचेवर उड्या मारत जातो. तो सेकंदाला ३५ ते ७५ मीटर धावतो. बारीक, उघड्या तंतूंत सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे चालत्या माणसाच्या वेगाने. पलंगाच्या पायावर करंगळी आपटली की बघ म्हणावं: आपटलं हे आधी कळतं, चुणूक क्षणाने येते, आणि खरा ठणका मागाहून, बैलगाडीतून आल्यासारखा. आणि मग आपण ती करंगळी चोळत बसतो, ते वेडेपणाने नाही. चोळण्याची खबर जाड तंतूंनी येते आणि मेरुरज्जूतच बारीक तंतूंच्या खबरेचं दार अर्धवट लोटून घेते. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली ही कल्पना मांडली. तपशिलात पुढे बरेच बदल झाले, पण करंगळी अजून सगळे चोळतात.

त्या आवरणाची डागडुजी करायला बी१२ लागतं. ते कमी पडलं की मेरुरज्जूच्या मागच्या भागातले जाड तंतू आधी सुजतात, मग त्यांचं आवरण विरतं. चटक्याचे सर्वात बारीक तंतू उघडेच. आवरणच नाही तर त्यांचं जाणार काय? लक्ष दिलं नाही तर मात्र पुढची पाळी मेरुरज्जूच्या कडेने खाली उतरणाऱ्या हुकमाच्या वाटांची येते, पाय ताठतात, ताकद जाते. आज अण्णा पोतं उचलतायत. तोवरच हालचाल करायची.

वनस्पती बी१२ बनवत नाहीत. ते बनवतात जिवाणू, आणि आपल्याला मिळतं दूध-दही, अंडी, मासे, मटणातून. माळकरी माणसाला राहतं फक्त दूध. आता जरा घरात बघा, अण्णांच्या पोटात खरोखर दूध किती जातं? दुभती जनावरं दारात असलेल्या कितीतरी घरांत दूध डेअरीला जातं आणि म्हाताऱ्यांच्या वाट्याला चहापुरतं उरतं. यकृतात काही मिलिग्रॅमचा साठा असतो आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, त्यामुळे कमतरता उघडी पडायला वर्षं जातात आणि कोणाला संशयही येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली पुणे परिसरातल्या खेड्यांतल्या आणि शहरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास छापला. त्यात जवळपास दोन-तृतीयांश जणांचं बी१२ कमी निघालं. त्या सगळ्यांचा मेरुरज्जू बिघडलेला नव्हता, हेही सांगते, नाहीतर हे वाचून अर्धा तालुका लॅबसमोर रांग लावेल.

त्यात शुगरची गोळी. पाकिटावर मेटफॉर्मिन हे नाव आहे का बघा. गोळी चांगली आहे, पण वर्षानुवर्षं घेतली तर आतड्यातून बी१२ कमी शोषलं जातं. ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेत असतील तर त्यांनीही थोडंफार तेच होतं. कुठलीच गोळी आपल्या मनाने बंद करू नका; दोन्ही पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवा.

रक्तवाढीच्या गोळ्यांबद्दल मात्र जरा ठामपणे बोलते. त्यांत बहुधा फॉलिक ॲसिड असतं. बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं की रक्त सुधारलेलं दिसतं आणि मेरुरज्जूची झीज आतून चालूच राहते. त्यामुळे उद्या कोणी हिमोग्लोबिनचा आकडा दाखवून "सगळं नॉर्मल आहे" म्हणालं तर तेवढ्यावर उठून येऊ नका.

आज रात्री जेवणं झाल्यावर एक करा, आणि यजमानांच्या हातून करा. अण्णांना कॉटवर आडवं करा, डोळे मिटायला सांगा. पायाचा अंगठा दोन्ही कडांनी चिमटीत धरा, वरून-खालून नाही, नाहीतर दाबावरूनच ते ओळखतील. अंगठा थोडा वर किंवा खाली वाकवा आणि विचारा, वर की खाली? दहा वेळा, क्रम बदलून. मग त्याच अंगठ्याला एकदा माठातल्या पाण्यात बुडवलेला स्टीलचा चमचा लावा, एकदा कोमट पाण्यातला. माझा अंदाज आहे की चमचे सगळे बरोबर येतील आणि वर-खाली चुकेल. रॉम्बर्गची परीक्षा घरी घेऊ नका, पडले तर खुबा मोडेल.

या आठवड्यात रक्त द्या: बी१२, पूर्ण रक्तगणना, तीन महिन्यांची साखर. बी१२ काठावर आलं तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासतात, त्यावरून खरी कमतरता कळते. तपासणीच्या आधी बी१२ची गोळी-इंजेक्शन घेऊ नका, आकडा फुगतो आणि मग कळत काहीच नाही. त्याच आठवड्यात साताऱ्यात किंवा पुण्यात न्यूरॉलॉजिस्टकडे जा. ते १२८ हर्ट्झचा कंपनकाटा, म्हणजे ठोकला की थरथरत राहणारा दोन दातांचा धातूचा काटा, घोट्याच्या हाडावर ठेवतील. अण्णांना थरथर कळणार नाही अशी माझी अटकळ. मानेचा एमआरआय बहुतेक सांगतील, कारण मानेतली चकती सरकून मेरुरज्जू दाबला गेला तरी यातली बरीच लक्षणं येतात, आणि ते चुकवून चालणार नाही. म्हणूनच मालिशवाल्याला मानेला हात लावू देऊ नका. तेल लावा, पाय चेपा, पण मानेला झटका देऊन कट्‌कन आवाज काढणं बंद.

पायातली ताकद अचानक गेली, लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला, तापाबरोबर पाठ दुखायला लागली, तर आठवड्याची वाट बघू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात.

बी१२च निघालं तर सुरुवातीला इंजेक्शनं द्यावी लागतात. किती आणि किती दिवस हे तिथले डॉक्टर ठरवतील. अण्णा एक गोष्ट नक्की विचारतील, म्हणून आधीच सांगते: माळ उतरवायची गरज नाही. औषधातलं बी१२ कारखान्यात जिवाणूंपासून बनवतात, मांसापासून नाही. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असू शकतं, तेवढं औषधवाल्याला विचारा. इंजेक्शनला तो प्रश्न येत नाही. सुधारायला महिने लागतात. मुंग्या आधी कमी होतात, पायाचा ठावठिकाणा सावकाश येतो, आणि फार उशीर झालेला असेल तर थोडी कसर राहते.

तोवर न्हाणीघरात प्लास्टिकचं का होईना, पक्कं स्टूल ठेवा. बसून अंघोळ, पाणी डोक्यावर नाही, खांद्यावर. भिंतीला धरायला दांडी बसवून घ्या. रात्री मोरीच्या वाटेवर छोटा दिवा जळत राहू दे. आणि ती चप्पल बदला; मागून पट्टा असलेली घ्या, म्हणजे निसटली तरी मागे राहणार नाही.

पुढच्या आषाढाचं आत्ता कबूल करू नका, नाहीही म्हणू नका. डॉक्टरांनी हो म्हटलं तर वाखरीपर्यंत एसटीने जाऊन तिथून पंढरपूर गाठता येईल, चांगलं उजाडल्यावर, गर्दीच्या कडेने, एक हात नातवाच्या खांद्यावर ठेवून. खांद्याचा नुसता स्पर्श असला तरी तोलाला बराच आधार होतो. अण्णांच्या हातातली ती वाट तेवढी शाबूत आहे का, हेही न्यूरॉलॉजिस्टना तपासायला सांगा.